दसऱ्याचे चेस्टनट

फ्लाइट कॅन्सल झाली आणि सावनीचा सगळा प्लॅन बोंबलला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने घरी फोन केला, तर सासूबाई, मालिनीबाई, नेहमीच्याच शांतपणे म्हणाल्या, "सावकाश ये गं. मी जरा शेजारच्या प्रतापभाऊजींच्या गाडीतून बाहेर जाऊन येते."

शिकागोहून रेंटल कार पिटाळत ती नोव्हायला घरी पोचली, तेव्हा दसऱ्याच्या सकाळचे दहा वाजले होते. चेस्टनटची पिशवी अजून गराजमध्येच, बर्फाच्या फावड्यामागे दडवलेली.

मागच्या अंगणातलं चेस्टनटचं एकुलतं एक झाड सासऱ्यांनी, दिगंबररावांनी लावलेलं. ते गेल्यावरच्या पहिल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मालिनीबाई म्हणाल्या होत्या, "उद्या झाडाखाली फळ मिळालं, तर हे मला थांब म्हणताहेत असं समजेन. नाहीतर मी आपली साताऱ्याला जाते."

आता आली का पंचाईत! चेस्टनट विकणाऱ्या शेतावरच्या बाईंनी सावनीला स्पष्ट सांगितलं होतं, एकट्या झाडाला फळ धरत नाही, शेजारी दुसरं लागतं.

सावनीची आई ती दहा वर्षांची असतानाच गेली होती. ही दुसरी आई तिला घालवायची नव्हती. मग तिने शेतावरून तीन पौंड चेस्टनट आणले आणि सगळे झोपेत असताना झाडाखाली पसरून टाकले. सातला मालिनीबाई टोपली घेऊन आल्या, वेचून गेल्या, नैवेद्याला चेस्टनटची खीर झाली. पुढची दोन वर्षंही तसंच. नवऱ्याला, सत्यजितला, तिने पत्ता लागू दिला नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आणि आज नेमका हा घोळ. सावनीने मागचं दार उघडलं.

मालिनीबाई झाडाखाली ओणव्या होत्या. टोपली अर्धी भरलेली. गवतात तपकिरी चेस्टनटच चेस्टनट, आणि मधे मधे उललेली हिरवी काटेरी बोंडं.

बोंडं! झाडावर चेस्टनट याच बोंडांत धरतात, पण विकतच्या पिशवीत ती कधीच नसायची. म्हणजे या वेळी झाडाने खरंच दिलं. सावनीला रडूच फुटलं.

"आई, धरलं हो झाड!"

"अगं, सणासुदीला रडतेस काय, वेडाबाई? ये, बस इथे. बोंडाला हात नको लावू, फार टोचतं." मालिनीबाईंच्या बोटांना हळद लागलेली होती. स्वयंपाक अर्धा टाकून आल्या असतील.

"साताऱ्याला नाही ना जाणार?"

"कुठे जातेय मी तुला सोडून."

त्यांनी पदराने तिचे डोळे पुसले. मग टोपली तिच्या मांडीवर ठेवत हळूच म्हणाल्या, "दर वर्षी तू बोंडं टाकायला विसरतेस बघ. म्हणून यंदा मी तीही आणली."