लाल वेटोळं

लतिकाकाकूंच्या खानावळीत भिंतीवरचा आराखडा आपला आपणच उमटायचा. कोण काय करतं हे बघून तो बाण काढायचा आणि वाया जाणारं काम लाल करायचा. व्यवसाय-प्रक्रियांचं एम.बी.ए. करणाऱ्या ओजसनं प्रबंधासाठी त्यातलं एकच लाल वेटोळं पुसलं होतं : 'वाढू का?', 'नको', 'अगं, अर्धी', 'नको'. तेव्हापासून त्यानं बसवलेला वाढणारा यंत्रहात एकदाच विचारी; कुणी पुन्हा विचारलं, की भोंगा वाजे. माणशी चार मिनिटं वाचली. परीक्षक इतके खूश झाले, की टाळ्या वाजवता वाजवता दोघांचे चष्मे फुटले.

पहिला आल्याचे पेढे घेऊन ओजस खानावळीत आला, तेव्हा नवी विद्यार्थिनी रेवू जेवत होती. यंत्रहातानं विचारलं, ती "नको" म्हणाली, हात पुढे सरकला. जाणाऱ्या पोळीकडे बघत रेवू दोन पेले पाणी प्यायली.

"पंधरा दिवस हेच," काकू कुजबुजल्या. "लाजरी आहे रे. तिसऱ्यांदा विचारलं, तरच ताट पुढे करेल."

"मग तुम्ही विचारा की, काकू!"

"मी विचारलं की भोंगा वाजतो. तूच बसवलायस ना, विद्वाना? आण, पेढा आण."

ओजसनं पुडा पाठीमागे लपवला. मग तो टेबलावर ठेवून त्यानं पोळ्यांचा डबा उचलला.

"वाढू?"

"नको." भोंगा कोकलला.

"अर्धी?"

"नको, दादा."

"अगं, घे गं!" तो भोंग्याच्या वरताण ओरडला.

रेवूनं ताट पुढे केलं. भिंतीवर ओजसच्या नावाचा चौकोन उमटला, त्याच्या कानांइतकाच लाल.