शेवटचं पान

नवी आवृत्ती निघायची म्हणून नीळकंठरावांनी आपल्या गाजलेल्या कादंबरीचं जुनं हस्तलिखित काढलं. तिच्यातला नवरा बायकोला जन्मभर घालूनपाडून बोलतो आणि अखेर तिच्या उशाशी बसून म्हणतो, "चुकलं माझं." त्या दोन शब्दांवर वाचक अजून रडत. नीळकंठराव ते आपलेच समजून तीस वर्षं मिरवत आले होते.

हस्तलिखितात ते शब्दच नव्हते. तिथे नवरा मुकाट्याने उठून जात होता.

छापखान्यासाठी पक्की प्रत त्यांच्या बायकोने, वत्सलाबाईंनी, उतरवली होती. प्रुफंही त्यांनीच तपासली. छापलेलं पुस्तक नीळकंठरावांनी कधी उघडलंच नव्हतं; ते दोन शब्द त्यांनी वाचकांच्याच तोंडून ऐकले होते.

गेल्या वर्षी, जाण्याच्या आदल्या दिवशी वत्सलाबाई म्हणाल्या होत्या, "अहो, शेवटचं पान एकदा मला वाचून दाखवा ना."

"त्यात काय वाचायचं? मीच लिहिलंय ते," म्हणत नीळकंठराव उठून गेले होते.