उजव्या अंगाला

"पळ," हाडांचे डॉक्टर म्हणाले, आणि राजी पळाली.

दवाखान्याच्या लांब बोळातून पार जिन्यापर्यंत गेली, वळली, परत आली. उजवा गुडघा डाव्यासारखाच वाकत होता. त्यावरचा ऑपरेशनचा व्रण तेवढा गुलाबी. तिची आई, शालन, भिंतीला टेकून बघत राहिली. गेल्या दिवाळीत हीच पाच वर्षांची पोर सकाळी ताठलेला पाय धरून रडायची, मोरीपर्यंत कडेवर न्यावी लागायची. आत येताना दारातल्या खुर्चीला राजीचा खांदा आपटला. पण ते काय, ती नेहमीचीच धडपडी.

शालननं साताऱ्याहून आणवलेले कंदी पेढे पुढं केले. डॉक्टरांनी अर्धा मोडून तोंडात टाकला आणि सहज सांगितलं, की आता डोळ्यांच्या बाईही इथं यायला लागल्यात, वर एकदा दाखवून जा. या सांध्यांच्या दुखण्यात डोळे तपासून घ्यायचे असतात. खरं तर आधीच घ्यायला हवे होते.

शालन म्हणाली, डोळ्याला काही नाही तिच्या. कधी लाल नाही, कधी पाणी नाही. तरी वर गेली. एवढं उरकलं की कोपऱ्यावरच्या पीसीओवरून पावणे एमआयडीसीतल्या कंपनीत फोन लावायचा होता. पोरगी पळाली म्हणून तिच्या पप्पांना सांगायचं होतं.

डोळ्यांच्या बाईंनी राजीला स्टुलावर बसवलं. तिचा उजवा डोळा हातानं झाकला आणि समोरच्या तक्त्यावरची चित्रं विचारली. राजीनं घर सांगितलं, मासा सांगितला, अगदी खालच्या ओळीतली बारकी छत्रीसुद्धा सांगितली. शालनला हसू आलं.

मग बाईंनी डावा डोळा झाकला.

मान तिरकी करून राजी बाईंच्या हाताच्या फटीतून बघायला लागली. बाईंनी मान सरळ केली. पुन्हा तिरकी. बाहेर माणसं खोळंबलीत आणि हिला नखरे सुचतायत, असं वाटून शालननं तिच्या मांडीला हलकाच चिमटा काढला.

"नीट सांग की गं. आत्ता सांगितलंस ना सगळं?"

"ते त्या डोळ्यानं," राजी म्हणाली. "हा बघायचा नाही. हा नुसताच आहे."

बाईंनी डाव्या डोळ्यावरचा हात काढला नाही. दुसऱ्या हाताची बोटं तिच्या नाकापुढं धरली, हलवली. राजीनं पापणीही हलवली नाही. मग बॅटरी लावली. तेव्हा कुठं ती म्हणाली, उजेड आला.

शालनचा चिमटा काढलेला हात तिथंच राहिला.

राजीची हनुवटी यंत्रावर टेकवून बाई कितीतरी वेळ बघत होत्या. मग हळू आवाजात बोलल्या. जो आजार गुडघ्यात, तोच डोळ्यात. लहान मुलांच्या डोळ्यात तो मुक्यानं शिरतो, दुखत नाही, लाल होत नाही. बाहुली आत चिकटून बसलीय, भिंगावर साय धरलीय. ऑपरेशन करता येईल, पण आधी सूज उतरवावी लागेल, आणि नजर किती येईल ते आज कुणीच सांगू शकणार नाही. डाव्यातही सुरुवात आहे. तो मात्र वाचवायचा. थेंब आजपासूनच.

शालनला ऐकू येत होतं, पण डोळ्यांपुढं भलतंच होतं. जुईनगरच्या खोलीच्या दाराची चौकट. पाण्याचा तांब्या. शेजाऱ्यांच्या सायकलचं हँडल. सगळं उजव्या अंगाला. दरवेळी सासूबाई म्हणायच्या, पाय धड नाही लेकराचा, म्हणून आपटतंय. शेजारणीही तेच म्हणायच्या. आणि ती स्वतः, टेंगळाला तेल चोळता चोळता म्हणायची, पाय बरा झाला की थांबेल हो सगळं.

"पण बाई," ती म्हणाली, "पाय तर बरा झालाय तिचा."

थेंबांची बाटली उघडून बाईंनी तिच्या हातात दिली.

शालननं राजीला मांडीवर आडवी घेतली. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा कानाकडं गेला. राजी खालून आईचं तोंड निरखत होती. मग तिनं आपला तळवा वर केला आणि आईचा एक डोळा झाकला.

"दिसतंय?"

"दिसतंय."

तिनं दुसरा झाकला.

"आता?"

शालनच्या तोंडून हो निघून गेलं.

राजी ताडकन उठून बसली. आईच्या एका डोळ्याकडं बघितलं, मग दुसऱ्याकडं. मग बाईंकडं वळून तिनं हळूच विचारलं,

"सगळ्यांना दोन्हीनं दिसतं?"