डावा पाय

कबरी शेळी आडवी पडली होती आणि कण्हत होती. करडाचं नाक बाहेर दिसत होतं, एक खूरही दिसत होता. दुसरा खूर कुठेच नव्हता.

"डावा पाय मागं दुमडलाय," दगडाबाई म्हणाल्या. त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. नाहीतर एव्हाना त्यांनी तो पाय सोडवला असता. लिंबागणेशच्या माळावरच्या या घरात आजवर अडलेली प्रत्येक शेळी त्यांनीच मोकळी केली होती.

परमेश्वर फोन कानाला लावून अंगणात फिरत होता. "डॉक्टर मांजरसुंब्याच्या पलीकडं म्हशीपाशी अडकलेत, आई. तासभर लागंल म्हणतेत."

"तासभर ही टिकायची न्हाई." दगडाबाईंनी मुलाच्या रुंद पंजाकडे पाहिलं, मग शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या सुनेकडे. "स्वप्ने, हिकडं ये. हात धू साबणानं. कोपरापत्तुर."

स्वप्ना जागची हलली नाही. आष्टीकडच्या शेतकऱ्याची ती मुलगी, पण माहेरी शेळ्या नव्हत्या. लग्न होऊन या घरात आल्यावरच तिने पहिल्यांदा शेळीच्या आचळाला हात लावला होता.

"आत्याबाई, मला न्हाई येत."

"अगं, काई न्हाई त्याच्यात," परमेश्वर म्हणाला. "एकदम सोपं हाय. हात घालायचा अन् वढायचं."

स्वप्नाचा चेहरा आणखीच उतरला.

"तू गप," दगडाबाई मुलावर खेकसल्या. "सोपं आसतं तर तूच केलं आसतंस. उगं काईबी सांगू नको तिला." मग त्या सुनेसमोर बसल्या. "हे बघ पोरी, अवघड हाय. लई अवघड हाय. पर तुला जमंल."

"तुमी उगं धीर द्यायला बोलायलात."

"मी कदी कुनाला उगं बोलले का?"

स्वप्नाने नकारार्थी मान हलवली. भाकरी चांगली झाली, असंही या बाईच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं.

"मंग आईक. परवा त्या बोकडाच्या खुरात काटा मोडला व्हता. परम्यानं धरला तर त्यानं लाथा झाडल्या. तू काटा काढलास तवा पाय बी झटकला न्हाई. मी दारातून बगत व्हते. जनावर तुज्या हाताला भीत न्हाई. मला ते यायला लई वर्सं लागली."

"मंग तवा कावून बोलल्या न्हाईत?"

दगडाबाईंनी तेलाची बाटली जवळ ओढली.

"चुकलं माझं. आता बोलले ना. ऊठ."

स्वप्ना उठली. हात धुऊन आली. हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवून तिने त्यांना फडकं बांधलं. दगडाबाईंनी डाव्या हाताने तिच्या पंजावर गोडेतेल ओतलं.

"कळ जाऊ दे. कळंत हात घालायचा न्हाई. हां, आता. डोकं मागं ढकल, हळू."

शेळी ओरडली. स्वप्नाने डोळे मिटले. आत सगळं ऊन, ओलं आणि आवळलेलं होतं. बोटं चेंगरत होती.

"काई कळंना, आत्याबाई."

"कळंल. मानंवरून खाली ये. खांदा लागंल."

"लागला."

"त्याच्या खाली गुडघा."

परमेश्वरने तोंड उघडलं आणि आईकडे पाहून मिटलं. पुन्हा कळ आली, तशी स्वप्ना हात न हलवता तशीच दात आवळून थांबली. कळ ओसरली.

"घावला. दुमडलाय. खूर माझ्या मुठीत हाय."

"मूठ सोडू नको. खुरानं आतून फाटंल. मुठीतच झाकून म्होरं आन."

स्वप्नाच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. तिने तो पुसला नाही. मनगट किंचित वळलं, आणि तिच्या मुठीबरोबर दुसरा खूर बाहेर आला. पुढच्या कळेसरशी अख्खं करडू तिच्या मांडीवर घसरलं.

ते हलत नव्हतं.

या वेळी दगडाबाई काही बोलण्याआधीच स्वप्नाने त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटाने काढला. मागचे पाय धरून ते उलटं लोंबवलं, मग खाली ठेवून गोणपाटाने खसाखसा चोळलं. एकदा. पुन्हा. करडाने मान झटकली, मग ते शिंकलं आणि फाटक्या आवाजात ओरडलं.

परमेश्वर हसत मटकन खाली बसला. स्वप्ना हसली नाही. तिचा तळहात शेळीच्या पोटावर होता आणि कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"आत्याबाई, आजून एक हाय आत."

"आसंल. कबरीला जुळी व्हतेत."

"बगा ना जरा. हेचाबी पाय अडकला आसला तर?"

"तर काढ." दगडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चुलीकडे निघाल्या.

"आई!" परमेश्वर ओरडला. "आता कुठं चाललीस?"

"चहा टाकते. ती हाय ना तिथं."

त्यांनी चुलीपुढे पाट ओढला आणि सुनेकडे पाठ करून बसल्या. डाव्या हाताने काट्या सरकवल्या, जाळ केला, भगुल्यात पाणी ओतलं. मागून शेळीचं कण्हणं ऐकू येत होतं आणि मधूनच स्वप्नाचा आवाज. हळू, ठाम. ती शेळीशी बोलत होती, "थांब, थांब बाई. कळ जाऊ दे."

पाण्याला अजून उकळी फुटली नव्हती, तोच दुसरा कोवळा आवाज आला.

दगडाबाईंनी तरी मान वळवली नाही. साखर मात्र भगुल्यात एक चमचा जास्तच पडली.