नाही म्हटलं तर

कोकिळेचा एक स्तन गाठीमुळे काढून वर्ष उलटलं होतं. आता महायुद्धात जखमी शिपायांना कातडं जोडायला शिकून परतलेले डॉक्टर तिच्याच पोटाचं कातडं वळवून तिथं नवा उभारणार होते. "हे नाही केलं तं तू वाचत नाहीस," असं सांगून नवऱ्यानं, निवृत्तीनं, तिला पिंपळगाव राजाहून बुलढाण्याच्या दवाखान्यात आणलं होतं. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला, तसा निवृत्तीनं तिचा अंगठा धरून शाईत दाबला. तिनं भीतभीत विचारलं, "डाक्तरसाहेब, हे कातडं जगलं नाही तं?" "काळं पडेल, पू होईल, पुन्हा कापावं लागेल. यांना सगळं सांगितलंय मी, बाई." "अन् मी नाहीच म्हटलं तं मरीन का?" डॉक्टर चमकले. "छे! आजार गेलाय तुमचा. हे फक्त दिसण्यासाठी आहे." कोकिळेनं नवऱ्याकडे पाहिलं. भिंतीकडे तोंड करून तो पुटपुटला, "लोकं हासतात मले. असंच राह्यचं असंन तं दुसरी बायको करतो मंग." तिच्या माहेरी आता कोणी उरलं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. कागदापासून बोटभर वर तिनं अंगठा थांबवला. मग तिनं तो लुगड्याला पुसला. "राहू द्या," ती डॉक्टरांना म्हणाली. निवृत्ती ताडकन उठून बाहेर गेला. ती मागोमाग पोहोचली, तेव्हा तो गावाकडे जाणाऱ्या मोटारीत बसला होता आणि शेजारच्या जागेवर त्यानं आपली पिशवी ठेवली होती. तिनं पिशवी उचलली, त्याच्या मांडीवर ठेवली आणि तिथंच बसली.