अर्धी मिशी

गुंडूनं वस्तऱ्यात नवं पातं घातलं आणि हंबीररावांच्या ओठावर फेस लावला, तेव्हा गडमुडशिंगीतलं ते दोन खुर्च्यांचं सलून माणसांनी गच्च भरलं होतं.

"तात्या, अजून एकदा इचार करा," गुंडू म्हणाला. "घरात सुतक न्हाय, काय न्हाय, आणि मिशी काढायची? काकी मला जित्ता सोडायच्या न्हाईत."

"तुझ्या काकीचं मी बघतो. पैज हरलोय न्हवं? काढ मग!"

हंबीरराव खुशीत होते. हरून एवढा खूश झालेला माणूस गावानं आजवर बघितला नव्हता.

जिंकलेला माणूस खुर्चीमागं उभा होता. कृष्णात, त्यांचा पुतण्या. मागच्या दसऱ्याला, रमीपायी गोठ्यातली दुसरी म्हैसही गेली, तेव्हा तात्यांनी साऱ्या भावकीसमोर त्याला म्हटलं होतं, "वरीसभर पत्त्याला आणि मोबाइलातल्या खेळाला हात लावला न्हाईस, तर ही मिशी उतरवतो. लावलास, तर मला तात्या म्हणायचं न्हाय. बोल, लावतोस पैज?" तात्या म्हणजे जन्मात कधी पैज न लावलेला माणूस! पण करणार काय? शपथा घालून झाल्या होत्या, कानफटात देऊन झालं होतं. कृष्णातची बायको, अनुजा, माहेरी जाऊन बसली होती. गडी कशालाच बधला नव्हता. पैज म्हटल्यावर मात्र थांबला. खरंच थांबला.

वस्तरा फिरला. उजवी बाजू उतरली.

"गेली रं गेली!" कुणीतरी शिट्टी घातली.

"सरकारनं रमीचं ॲप बंद केलं तवाच सुटायला पायजे हुतं ह्याचं," बाकावरून आकाराम म्हणाला.

"काय सुटतंय डोंबल!" राजवर्धननं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तात्यांनी ग्रामसभेत ठराव करून पत्त्यांचा क्लब बंद पाडला, तर शिवेपल्याड पत्र्याचं शेड उभं ऱ्हायलं. टेबलं तीच, माणसं तीच."

"तरी बी बंदी पायजेच. दारात दिसलं न्हाय म्हंजे निम्मी माणसं तरी वाचत्यात."

"आणि निम्मी?"

"त्यास्नी तात्यांची मिशी!" गुंडू म्हणाला आणि सगळं सलून खदखदून हसलं.

कृष्णातला हसू येईना. त्याची कानशिलं तापली होती, तळव्यांना घाम सुटला होता, छाती नुसती धडधडत होती. हे त्याच्या चांगलंच ओळखीचं होतं. एका पानावाचून डाव अडलेला असायचा आणि नेमकं तेच पान हाताला लागायचं, तेव्हा असंच व्हायचं. अगदी असंच. वर्षभर रोज रात्री अंथरुणावर पाठ टेकताना तो मनाशी म्हणायचा, आजचा डाव आपला. त्याला वाटलं होतं, आपण सुटलो. सुटलो कसले! वर्षभर खेळतच होतो की. समोर म्हाताऱ्याची अब्रू उतरत होती आणि आपल्याला गुदगुल्या होत होत्या, ह्याची त्याला भयंकर लाज वाटली.

तेवढ्यात आकारामनं त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. "जिकलास लेका! आता उद्यापास्नं मोकळा की रं तू!"

उद्यापासून पैज नाही, हे कृष्णातच्या आत्ता ध्यानात आलं. त्यानं वर बघितलं. आरशातून तात्या त्याच्याकडंच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरची खुशी कुठल्या कुठं गेली होती.

"थांब गुंडू," ते म्हणाले. "डावी ऱ्हाऊ दे."

"आँ? अर्धी मिशी घेऊन हिंडणार व्हय गावात?"

"हिंडतो की. डेअरीला जातो, लग्नाकार्यात जातो. कुणाला हसायचं त्येनं हसावं." मग आरशातल्या पुतण्याला ते म्हणाले, "किसना, पुढल्या दसऱ्यापतोर ही उरलेली लावली. घेतोस?"

"घे, घे! सोडू नगंस!" सलूनमध्ये एकच कालवा झाला.

'घेतली' हा शब्द कृष्णातच्या जिभेच्या टोकावर आला होता. नुसतं तोंड उघडायचा अवकाश. त्यानं दात आवळून धरले.

"न्हाय तात्या."

"का रं?"

"मला ह्यात बी मजा याय लागलीया."

गुंडूचा वस्तरा हवेतच राहिला.

"मग उद्या कशाच्या जोरावर थांबणार तू?" तात्यांनी हळूच विचारलं.

"ठावं न्हाय. भ्या वाटतंय." मग तो गुंडूकडं वळला. "सगळी काढ."

तात्यांनी मान मागं टेकली आणि डोळे मिटून घेतले. गुंडूनं डावी बाजूही उतरवली. ह्या वेळी कुणी शिट्टी घातली नाही.

तात्या उठले. सवयीनं त्यांचा हात मिशीला पीळ द्यायला वर गेला आणि कोऱ्या कातडीवर नुसताच फिरून खाली आला. आरशातल्या अनोळखी माणसाकडं बघून ते जरा हसले.

"बघ किसना, आता माझ्याजवळ लावायला काय बी उरलं न्हाय."

त्यांनी कृष्णातचं मनगट धरलं आणि पायऱ्या उतरून दोघं घराच्या वाटेला लागले. भर बाजारातून, एवढ्या थोरल्या बाप्याला हाताला धरून. लोक बघत होते. शिवेकडं, त्या पत्र्याच्या शेडाकडं जाणारा फाटा आला तशी तात्यांची पकड घट्ट झाली. कृष्णातनं हात सोडवून घेतला नाही.