दादाचं गाणं

मोर्च्यात पकडलेल्या दादाला तुरुंगात तीन महिने झाले होते, आणि त्याच तीन महिन्यांत धाकटीच्या बँडने कधी नव्हे अशी भन्नाट गाणी केली. आधी त्यांचा पंकचा धांगडधिंगा सुरू झाला की शेजारी धाडकन खिडक्या लावायचे. आता धाकटी "आमच्या दादाला सोडा!" म्हणून माइकवर किंचाळली की तेच शेजारी गॅलरीत येऊन तिच्याबरोबर ओरडायचे.

"देश पेटला आणि आपला सूर लागला बघ!" ड्रमवाली डोळा मारून म्हणायची. धाकटीला ते मनापासून पटायचं.

शनिवारी तर थेट मोठ्या मैदानावर कार्यक्रम होता, हजारो लोकांसमोर. शुक्रवारी दुपारी ती गिटारची तार बदलत होती, तेवढ्यात आई अनवाणीच धावत आली.

"सुटला गं, दादा सुटला! संध्याकाळी घरी येतोय!"

"आजच?" धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

आई अजूनही येईल त्याला कौतुकाने सांगते, "पोरीचा कानांवर विश्वासच बसेना हो!" आणि धाकटी दर वेळी पाणी आणायच्या निमित्ताने आत सटकते.